व्यावसायिक मध्यस्थी

व्यावसायिक मध्यस्थी : व्यापारी तंट्यातील पक्षांनी त्रयस्थाच्या मदतीने, पण स्वतःच्या मर्जीने, तडजोड करण्याची गोपनीय पद्धत. या त्रयस्थाला निकाल देण्याचा अधिकार नसतो. तो असेल तर त्या प्रकाराला लवाद म्हणतात. थकलेली बिले, नाकारलेला माल, फुटलेली भागीदारी, अर्ध्यावर थांबलेले बांधकाम असे तंटे या वाटेने येतात. मराठीत मध्यस्थ म्हटले की लग्न जुळवणारा किंवा जागेचा दलाल डोळ्यांपुढे येतो. मुंबईच्या कोर्टांच्या आवारात म्हणूनच की काय ‘मीडिएशन’ हाच शब्द चालतो, आणि तडजोडीच्या कागदाला ‘कन्सेंट टर्म्स’ म्हणतात.

या पद्धतीचे मूळ पेशवाईतील पंचायतीत शोधण्याची हौस समारंभांतील भाषणांत दिसते. ते तितकेसे खरे नाही. पंच निवाडा देत. त्याआधी ते दोन्ही पक्षांकडून ‘राजीनामा’, म्हणजे निवाडा मान्य करण्याची लेखी कबुली घेत आणि हरलेल्याकडून नंतर येजितखत, म्हणजे हार मान्य असल्याचा कागद, लिहून घेत. हे लवादाच्या जवळचे आहे. साम्य एवढेच, की सही घेतल्याशिवाय पंच पुढे जात नसत. आजच्या मध्यस्थीचे घोडेही बहुधा सहीपाशीच अडते.

कामकाज साधे असते. आरंभी सर्वांची एकत्र बैठक, मग प्रत्येक पक्षाशी वेगळ्या खोलीत बोलणे. एका खोलीत ऐकलेले मध्यस्थ परवानगीशिवाय दुसऱ्या खोलीत नेत नाही. तेथे मांडलेले आकडे, दिलेल्या कबुल्या पुढे कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाहीत आणि मध्यस्थाला साक्षीलाही बोलावता येत नाही. कंपन्यांना या आडोशाची किंमत कळते. मालातला दोष किंवा नेहमीच्या गिऱ्हाइकाला दिलेली सूट जाहीर सुनावणीत उघडी पडावी, असे कोणत्याच व्यवस्थापनाला वाटत नाही.

कंपन्यांना आणि वकिलांना तंटा सोडवण्याच्या पद्धतीकडून नेमके काय हवे असते, हा प्रश्न २०१६-१७ मध्ये ग्लोबल पाउंड कॉन्फरन्स या परिषदांच्या मालिकेत अनेक देशांत विचारला गेला. या मालिकेचे नाव अमेरिकन विधिज्ञ रॉस्को पाउंड यांच्यावरून पडले. पद्धत निवडताना पक्ष वेळ आणि खर्चाची बचत सर्वांत आधी पाहतात, वकिलांनी भांडण्याइतकेच जुळवून आणावे अशी त्यांची अपेक्षा असते, आणि बदल घडवू शकतात ते कंपनीच्या पगारावरचे वकील, असे त्यातून पुढे आले. अडथळा कोणाचा, याचे उत्तर मुख्यतः बाहेरून नेमलेल्या वकिलांकडे बोट दाखवणारे होते.

हे बोट दाखवणे अर्धेच न्याय्य आहे. कंपनीतही सर्वांना एकच गोष्ट हवी नसते. वित्त विभागाला ताळेबंदाच्या टिपांमध्ये वर्षानुवर्षे बसलेले संभाव्य देणे ३१ मार्चपूर्वी एका ठरलेल्या आकड्यावर आणायचे असते. ज्याने मूळ करार केला त्या अधिकाऱ्याला आपली चूक ठरू नये असे वाटते. त्याच्या दृष्टीने दहा वर्षांनी येणारा निकाल सोयीचाच, कारण तोवर त्याची बदली झालेली असते. भोसरी-चाकणच्या लहान पुरवठादाराचे दुखणे आणखी निराळे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्याने त्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजही मागता येते. पण ज्याच्यावर दावा लावायचा तोच त्याचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक. त्याला थकबाकी हवी आणि पुढची ऑर्डरही हवी. कोर्ट पहिली गोष्ट देऊ शकते, दुसरी नाही. मध्यस्थीत हप्ते, बदली माल, नवी ऑर्डर, दिलगिरीचे पत्र असे सगळे एकाच कागदावर बसते.

वकिलांच्या विरोधाचे कारण फी बुडण्याची भीती, असे सरधोपट सांगितले जाते. ती असतेच, पण अडचण त्याहून नाजूक आहे. तडजोडीचा विषय आपण आधी काढला तर आपली बाजू लंगडी आहे असे समोरच्याला वाटेल, आणि आपल्या अशिलालाही तसेच वाटेल, ही धास्ती खरी असते. म्हणून वकिलाला निमित्त हवे असते : करारातले कलम, न्यायाधीशांची सूचना किंवा कायद्याची सक्ती. दुसरे, अशिलाला जे आपण तोंडावर सांगू शकत नाही ते सांगणारा कोणी हवा असतो. भारतात निवृत्त न्यायमूर्तींना मध्यस्थ म्हणून मागणी असते ती बरीचशी यामुळेच. तोटा असा, की आयुष्यभर निकाल दिलेली व्यक्ती खोलीत शिरताच पक्ष तिच्यापुढे युक्तिवाद करू लागतात आणि मूळ बोलणे बाजूला राहते.

भारतात दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९, म्हणजे कोर्टातला तंटा मध्यस्थीसारख्या पर्यायी वाटेकडे पाठवण्याची तरतूद, २००२ पासून नव्या रूपात लागू झाले. त्याच्या मसुद्यात मध्यस्थी आणि न्यायिक तडजोड यांच्या व्याख्यांची अदलाबदल झाली होती. ती चूक सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ॲफकॉन्स प्रकरणात निस्तरली. खरी सक्ती आली ती वाणिज्यिक न्यायालये कायद्यात २०१८ मध्ये घातलेल्या कलम १२-क ने. तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल, तर ३ लाख रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याचा वाणिज्यिक दावा लावण्याआधी विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज करावा लागतो. मुदत ३ महिने, दोघांच्या संमतीने आणखी २. हा काळ दावा लावण्याच्या कायदेशीर मुदतीत धरला जात नाही. ही अट बंधनकारक असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने दीपक रहेजा प्रकरणात २०२१ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने पाटील ऑटोमेशन प्रकरणात ऑगस्ट २०२२ मध्ये ठरवले.

सक्तीने वकिलाला निमित्त मिळाले, पण प्रतिपक्षाला खुर्चीत बसवता आले नाही. त्याने नोटिशीला उत्तरच दिले नाही, तर मध्यस्थी सुरू न झाल्याचा अहवाल निघतो आणि अर्जदार तो जोडून दावा लावतो. अनेकांच्या लेखी कलम १२-क म्हणजे हा शिक्का मिळवण्याची खिडकी. काहीजण तेवढेही टाळण्यासाठी दाव्याला तातडीच्या अर्जाचे शेपूट लावतात. असा अर्ज हा निव्वळ मुखवटा आहे का हे कोर्टाने तपासावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये यामिनी मनोहर प्रकरणात सांगितले. नियमांतील फी दाव्याच्या मूल्यानुसार १५,००० ते ७५,००० रुपये, दोघांत निम्मी. ती लहान व्यापाऱ्याला परवडते. शेकडो कोटींच्या तंट्यात मात्र तेवढ्या पैशांत मुरलेला मध्यस्थ मिळणे अवघड.

आता सही. मध्यस्थीला कंपनी ज्याला पाठवते त्याच्याकडे होकार देण्याचा अधिकार नसेल, तर दिवसभर बोलणी होऊन संध्याकाळी ‘वर विचारून सांगतो’ एवढेच हाती येते. उलट, सही झाली पण ती कोणासाठी हेच धूसर राहिले, तर काय होते हे अंबानी बंधूंच्या वाटणीत दिसले. २००५ मध्ये आईच्या पुढाकाराने दोघा भावांत समझोता झाला. त्याला रूढ अर्थाने मध्यस्थी म्हणता येणार नाही, तरी धडा तोच. नैसर्गिक वायूच्या पुरवठ्यावरून दोन कंपन्या कोर्टात गेल्या तेव्हा, ७ मे २०१० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तो कागद आई आणि मुलांमधला आहे. भागधारकांपुढे तो आलाच नव्हता, म्हणून तो कंपनीला बांधत नाही.

सरकारी कंपन्यांत हे दुखणे तीव्र आहे. तडजोडीत एक कोटी सोडणाऱ्या अधिकाऱ्यामागे दक्षता विभागाची चौकशी लागू शकते. पुढे कोर्टात हरून पाच कोटी भरावे लागले तर त्याला कोणी विचारत नाही. २०२३ च्या मध्यस्थी कायद्याने तडजोडीच्या कराराला दिवाणी हुकूमनाम्याचा दर्जा दिला, पण सरकार पक्षकार असेल तर सहीपूर्वी सक्षम अधिकाऱ्याची लेखी संमती मागितली. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ३ जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत १० कोटींहून मोठ्या तंट्यांसाठी लवादाचे कलम सरसकट न घालता मध्यस्थीकडे वळण्यास सांगितले आणि त्यासाठी उच्चस्तरीय समितीची वाट सुचवली, म्हणजे सहीची जबाबदारी एकाच्या मानेवर राहणार नाही.

परदेशी पक्षाशी झालेल्या तडजोडीची अंमलबजावणी हा वेगळा प्रश्न. ७ ऑगस्ट २०१९ रोजी सिंगापूर करार, म्हणजे मध्यस्थीतून झालेल्या आंतरराष्ट्रीय तडजोडी देशोदेशी अमलात आणण्यासाठीचा करार, सह्यांसाठी खुला झाला तेव्हा पहिल्याच दिवशी सही करणाऱ्या ४६ देशांत भारत होता; अनुमोदन मात्र रखडले. म्हणून जाणते वकील आधी लवाद सुरू करतात, तो थांबवून मध्यस्थी करतात आणि झालेली तडजोड लवादाकडून संमतीचा निवाडा म्हणून उतरवून घेतात. त्या निवाड्याला परदेशी लवादांचे निवाडे अमलात आणण्यासाठीच्या १९५८ च्या न्यूयॉर्क कराराचा आधार मिळतो.