वांगं, भुंगा आणि पांढरी एक

मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल असं आइन्स्टाइन म्हणून गेला, हा मेसेज 20 मे, म्हणजे जागतिक मधमाशी दिन जवळ आला की न चुकता फिरू लागतो. आइन्स्टाइन असं कधी म्हणाल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. शिवाय भात, गहू, ज्वारी, बाजरी यांचं परागीभवन वाऱ्यावर नाहीतर आपलं आपण होतं. मधमाश्या गेल्या तर आपलं जेवण बेचव आणि महाग होईल, फळं-भाज्या-तेलबियांचे हाल होतील, पण भाकरी मिळत राहील.

माझी खरी तक्रार मात्र आइन्स्टाइनबद्दल नाही. या मेसेजांमध्ये 'मधमाशी' म्हणजे पोळ्यातली, मध देणारी माशी, एवढंच गृहीत धरलेलं असतं. त्या भाकरीबरोबरचं भरीत बऱ्याच अंशी ज्यांच्या जिवावर आहे त्या माश्या पोळं करत नाहीत, मध साठवत नाहीत, आणि अशा मेसेजांत त्यांचं नावही नसतं. आता तर गच्चीवर मधपेटी ठेवा, वांगी-टोमॅटो दुप्पट येतील, असंही सांगितलं जातं. पेटी जरूर ठेवा, पण वांग्यासाठी ठेवत असाल तर आधी वांग्याचं फूल नीट बघा.

सकाळी आठच्या सुमाराला, ऊन जरा वर आलं की बघा. जांभळ्या पाकळ्या, मान खाली घातलेलं फूल, मध्ये पाच-सहा पिवळेधमक पुंकेसर एकमेकांना चिकटून उभे. त्यांच्यामधून हिरवट कुक्षी, म्हणजे पराग जिथे लागावा लागतो ते टोक, डोकावते. बहुतेक फुलांत परागकोश पिकला की उभा चिरतो आणि पराग उघड्यावर येतो. वांग्यात तसं होत नाही. परागकोश बंदच राहतो, फक्त टोकाला दोन बारीक छिद्रं पडतात. साधं भिंग घेतलंत तर स्पष्ट दिसतात. पराग कोरडा, पिठासारखा, आत कोंडलेला. फुलात मकरंद नाही, एक थेंबही नाही. म्हणजे येणाऱ्या पाहुण्याला द्यायला फक्त पराग, आणि तोही कुलपात.

सातेरी, म्हणजे आपली पोळं करणारी देशी मधमाशी, अशा फुलावर येते तेव्हा तिची पंचाईत होते. ती पाकळीवर सांडलेला पराग गोळा करते, इकडेतिकडे चाचपते आणि जाते. मग येतो भुंगा. काळाभोर, निळसर झाक असलेल्या पंखांचा, सुकी लाकडं कोरणारा, हाही मधमाशीच्याच गोतातला. किंवा येते निळ्या पट्ट्यांची माशी. आकारानं मधमाशीएवढीच, डोळे हिरवट, पोटावर चमकत्या निळ्या पट्ट्या, आणि एका जागी थांबून उडण्यात पटाईत. दोघांचीही रीत साधारण एकच. फुलाला उलटं लटकायचं, पुंकेसरांचा जुडगा जबड्यात धरायचा, त्याभोवती अंग वळवायचं, पंख पाठीवर मिटायचे. आणि मग आवाज येतो. उडतानाची गुणगुण वेगळी, ही वेगळी. स्वर एकदम चढतो, सेकंदभर टिकतो, थांबतो, पुन्हा चढतो. प्रत्येक वेळी छिद्रांतून परागाचा पिवळा फवारा माशीच्या पोटावर उडतो.

हा स्वर सेकंदाला सुमारे 200 ते 400 कंपनांचा असतो. हार्मोनियमवर पांढरी एक ही पट्टी सा धरली तर मधला सा साधारण 262 कंपनांचा, म्हणजे भुंगा अगदी आपल्या गाण्याच्या सप्तकात आहे.

आता मला ज्याचं खरं वेड आहे ते सांगतो: पंख मिटलेले असताना हा आवाज येतो कुठून?

माशीच्या छातीत उडण्याचे स्नायू ठासून भरलेले असतात. गंमत म्हणजे हे मुख्य स्नायू पंखांना थेट जोडलेले नसतात. एक जोडी छातीत उभी, पाठ ते पोट. दुसरी आडवी, पुढून मागे. उभे स्नायू आखडले की छातीचं छत खाली दबतं आणि सांध्यापाशी पंख वर उचलले जातात. आडवे आखडले की छत फुगतं, पंख खाली येतात. माशी पंख हलवत नाही, ती छाती हलवते.

पण आपल्या दंडातला स्नायू एकदा आखडायला मज्जातंतूचा संदेश लागतो. संदेश आला की स्नायूपेशीत कॅल्शियम सुटतं, स्नायू आखडतो, मग ते कॅल्शियम परत आत ओढून घ्यावं लागतं, तेव्हा तो सैल पडतो. ही उलाढाल सेकंदाला दोनशे-तीनशे वेळा करायची तर वेळ पुरत नाही, आणि शक्तीही भरमसाट जाते. माशीनं यावर काढलेली तोड अफलातून आहे. तिचा मेंदू प्रत्येक कंपनासाठी संदेश पाठवतच नाही. तो अधूनमधून संदेश पाठवून कॅल्शियमची पातळी फक्त चढती ठेवतो, म्हणजे स्नायू सज्ज राहतो. प्रत्यक्ष आखडण्याचा इशारा त्याला ताणातून मिळतो. उभे स्नायू आखडले की छाती लांबते आणि आडवे ताणले जातात. ताण बसला की ते आखडतात. त्यांनी आखडताच उभे ताणले जातात, आणि पुन्हा त्यांची पाळी. दोघं एकमेकांना चालू ठेवतात. मेंदू चालू-बंद करतो आणि जोर कमीजास्त करतो, ताल मात्र छाती स्वतः धरते.

मग तालाची गती कोण ठरवतं? छातीच्या कवचाचा ताठरपणा आणि हलवायच्या भागांचं वजन. उडताना पंखांचं ओझं असतं, हवेचा रेटा असतो. फुलावर पंख मिटून सांध्यातून सोडवलेले असतात, ओझं उतरतं, म्हणून स्वर चढतो.

हा हादरा डोक्यातून, जबड्यातून परागकोशात जातो. आत काय होतं याचं गणित स्टीफन बुकमन आणि जेम्स हर्ली यांनी 1978 साली मांडलं. परागकण म्हणजे बंद पेटीतले सुटे कण, आणि पेटीच्या भिंती मागे-पुढे हलताहेत. कॅरमबोर्डाच्या कडाच थरथरू लागल्या तर सोंगट्यांचं जे होईल तेच इथे होतं: दर धडकेला कणाचा वेग वाढतो, आणि सुटायला वाट एकच, टोकाचं छिद्र. अकरावीचं भौतिकशास्त्र आठवत असेल तर हिशेब करून बघा. कंपनं सेकंदाला 300 आणि भिंतीची हालचाल मधल्या स्थितीपासून दशांश मिलिमीटर धरली, तर कमाल वेग येतो 2 गुणिले पाय गुणिले 300 गुणिले 0.0001 मीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे 19 सेंटिमीटर. हा वेग किरकोळ वाटेल. पण त्याला पुन्हा 2 गुणिले पाय गुणिले 300 नं गुणलं की त्वरण मिळतं: 355 मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वाकर्षणाच्या छत्तीसपट! सूत्रात वारंवारता (सेकंदाला किती कंपनं) आणि आयाम (हालचालीचा पल्ला) दोन्ही आहेत, त्यामुळे नेमका 'सा' लागलाच पाहिजे असं मुळीच नाही. पुढच्या प्रयोगांतही पराग किती पडतो हे स्वरापेक्षा हादऱ्याच्या जोरावर आणि तो किती वेळ टिकतो यावर जास्त अवलंबून दिसलं. 'वनस्पतींना अमुक राग ऐकवा' म्हणून सीडी विकणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. फुलाला संगीत नको असतं, धक्का हवा असतो.

बाहेर उडालेला पराग माशीच्या लवीला चिकटतो. उडून आलेल्या माशीच्या अंगावर स्थिर विद्युतभार असतो, त्याचीही मदत होते. बराचसा पराग ती पायांनी झटकून पिल्लांच्या खाऊसाठी गोळा करते. पाय पोचत नाहीत त्या जागांवर उरलेला पराग पुढच्या फुलाच्या कुक्षीला लागतो. झाडाचा व्यवहार काटकसरीचा आहे. पराग प्रथिनांचा, म्हणून महाग. एका पाहुण्यानं सगळा लुटू नये म्हणून थोडा थोडा द्यायचा.

उडण्याचे हे स्नायू सातेरीकडेही आहेत. थंडीत पोळं ऊबदार ठेवायला ती तेच थरथरवते. फुलावर मात्र ती हे करत नाही. मधमाश्यांच्या कुठल्याच जाती करत नाहीत, आग्या नाही, फुलोरी नाही, पेटीतली परदेशी मेलिफेरा नाही.

टोमॅटोचं फूल याच घराण्यातलं. त्याचं माहेर दक्षिण अमेरिकेतलं अँडीज, पण आपल्या माश्यांना त्याचं काही अडलं नाही. युरोपात हरितगृहांमधले टोमॅटो पूर्वी माणसं हातात कंपक धरून हलवायची. 1980च्या दशकाच्या अखेरीपासून हे काम बंबलबी, म्हणजे गुबगुबीत केसाळ माश्या, करू लागल्या. जबड्यात धरल्यामुळे परागकोशांवर तपकिरी डाग उमटतात, आणि ते मोजून शेतकरी माश्यांची हजेरी घेतो. आपल्या टोमॅटोवरही असे डाग दिसतात का, शोधून बघा. बंबलबी भारतात मुख्यतः हिमालयात. महाराष्ट्रात हे खातं भुंग्याकडे आणि निळ्या पट्टेवालीकडे. तिच्या एका ऑस्ट्रेलियन भावंडाचं हळू गतीनं चित्रण केलं तेव्हा ती माशी परागकोशाला जबड्यात न धरता त्यावर सेकंदाला साडेतीनशेपर्यंत वेळा डोकं आपटताना दिसली.

तर परसबागेत काय करायचं? पहिली गोष्ट म्हणजे थोडी जमीन उघडी ठेवायची. निळ्या पट्टेवालीची मादी एकटी राहते आणि मऊ मातीत, मातीच्या भिंतीत बीळ करते. सोसायटीनं कंपाउंडभर पेव्हर ब्लॉक बसवले की तिचं घर गेलं. पालापाचोळ्याचं आच्छादन ओल टिकवायला उत्तम, मी स्वतः घालतो. पण सगळीकडे घातलं तर तिची तीच अडचण. उन्हं येणारा, पावसाचं पाणी न साचणारा हातभर कोपरा किंवा मातीनं भरलेली एखादी जुनी कुंडी मोकळी सोडली तरी चालतं. भुंग्यासाठी सुका बांबू किंवा वाळलेला ओंडका. भुंगा अंगावर आला म्हणून घाबरू नका, तो बहुधा हद्द राखणारा नर असतो आणि नराला नांगीच नसते.

दुसरी गोष्ट, वर्षभराचं जेवण. वांग्यात मकरंद नाही, तो दुसरीकडून मिळाला पाहिजे. निळ्या पट्टेवालीला तुळस फार आवडते, तेव्हा मंजिऱ्या सगळ्याच खुडू नका. एप्रिल-मे मध्ये बहावा, पावसाळ्यात टाकळा, माळावर तरवड, यांच्या फुलांतही पराग असाच छिद्रांच्या कोशात असतो आणि माश्या तो अशाच वाजवून काढतात. टाकळ्याची कोवळी भाजी करून झाली की दोन-चार रोपं फुलू द्यावीत.

कांदेनवमीला वांगं सोडायचं आणि चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हा खायला लागायचं, या रूढीमागे 'शास्त्र' असल्याचे लेख आषाढात येतात. पावसाळ्यात पराग भिजतो, माश्या कमी उडतात, शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीचाही त्रास असतो, हे सगळं खरं. म्हणून चातुर्मास हा पूर्वजांचा कीटकशास्त्राचा अभ्यास ठरत नाही. बाजारात श्रावणातही वांगी येतातच. रूढी रूढी म्हणून पाळावी, तिला प्रयोगशाळेचा दाखला कशाला?

फवारणीबद्दल एकच: सकाळी नको. कडुनिंबाचं तेलसुद्धा संध्याकाळी मारा. तेव्हाही आधी काटक्यांकडे नजर टाका. निळ्या पट्टेवालीचे नर बिळात झोपत नाहीत. दिवस मावळताना ते वाळक्या बारीक काडीला जबड्यानं घट्ट पकडतात, पाय पोटाशी घेतात आणि तसेच रात्रभर लटकतात, एकाच काडीवर ओळीनं. मेलेत असं वाटून झटकू नका.

आणि 'फुलं येतात पण गळतात, झाडाला दृष्ट लागली' म्हणून काळी बाहुली टांगण्याआधी फूल उलटं करून कुक्षी बघा. एकाच वांग्याच्या झाडावर लांब, मध्यम आणि आखूड कुक्षीवृंताची (कुक्षीच्या दांड्याची) फुलं येतात. लांबवाल्यांत कुक्षी परागकोशांच्या पुढे आलेली असते, फळ बहुतेक त्यांनाच धरतं. चौदाव्या मजल्याच्या बाल्कनीत माश्या पोचत नसतील तर दात घासायचा बॅटरीवाला ब्रश फुलाच्या देठाला सकाळी दोन-तीन सेकंद लावा, वांग्यालाही आणि टोमॅटोलाही चालतं. रात्री फारच उकडत असतील तर टोमॅटोचा पराग धड तयारच होत नाही, तिथे ब्रशही काही करू शकत नाही. आणि वांग्याचं आखूड कुक्षीवृंताचं फूल ब्रश लावला, भुंगा आला, तरी बहुधा गळणारच. ते सोडून शेजारचं घ्या.