ग्राउंडहॉग बिळाबाहेर येतो तेव्हा

दरवर्षी २ फेब्रुवारीला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, पंक्सुटॉनी गावाजवळच्या गॉब्लर्स नॉब नावाच्या टेकाडावर भल्या पहाटे हजारो माणसे थंडीत कुडकुडत उभी असतात. उंच काळ्या टोप्या घातलेली मंडळी फिल नावाच्या ग्राउंडहॉगला, म्हणजे बिळात राहणाऱ्या एका जाड्या खारवर्गीय प्राण्याला, बाहेर काढतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर हिवाळा आणखी सहा आठवडे, दिसली नाही तर वसंत लवकर, असा हा कौल. १८८७पासून तो लावला जातो. मूळ समजूत जर्मनीहून आलेल्या वसाहतकऱ्यांची. तिकडे हा मान बॅजर या बिळात राहणाऱ्या दुसऱ्या प्राण्याचा होता, इथे तो ग्राउंडहॉगकडे आला. हवामान खात्याच्या नोंदींशी ताडून पाहिले, तर फिलचा कौल निम्म्या वेळाही खरा ठरत नाही.

मात्र याच आठवड्यांत, कॅमेऱ्यांपासून दूर, गवताच्या शेतांत खरेखुरे रानटी ग्राउंडहॉग बिळातून डोके वर काढत असतात. त्यांच्यावर नजर ठेवून असतात शेतकरी आणि शिकारी. 'यंदा किती निघतील?' हा दोघांचाही प्रश्न. बांधावर बसून डोकी मोजली की उत्तर मिळाले असे बहुतेकांना वाटते. माझ्या मते ते उत्तर जमिनीखाली आहे, आणि त्याची सुरुवात आदल्या उन्हाळ्यात होते.

ग्राउंडहॉग हा खारीच्या कुळातला प्राणी. म्हणजे आपल्या भीमाशंकरच्या शेकरूचा नातेवाईकच, फक्त झाडांऐवजी जमीन धरलेला. वजन दोन ते सहा किलो, अंगाने ठेंगणा, पाय आखूड, नखे दणकट. लडाखला पँगाँगच्या वाटेवर पर्यटक ज्यांच्याबरोबर फोटो काढतात ते मर्मट याचे आणखी जवळचे भाऊबंद. ग्राउंडहॉग ही मर्मटांचीच एक जात आहे. पण लडाखी मर्मट उंच माळावर वसाहत करून राहतो, तर ग्राउंडहॉग सखल भागात, जंगल आणि शेत जिथे भेटतात त्या कडेला, बहुधा एकटा राहतो. युरोपीय वसाहतकऱ्यांनी पूर्व अमेरिकेतली जंगले तोडून शेते केली, तेव्हा अनेक वन्य प्राणी हटले. ग्राउंडहॉगचे मात्र फावले. लसूणघास, क्लोव्हरसारखा हिरवा चारा, सोयाबीन, आणि लगेच पळून शिरता येईल असे झुडपांचे कुंपण. त्याला याहून जास्त काही लागत नाही.

त्याचे बीळ मुद्दाम समजून घेण्यासारखे आहे. मुख्य तोंडाशी मातीचा मोठा उकीर असतो. त्यावर उभे राहून तो टेहळणी करतो. याशिवाय एक-दोन चोरवाटा असतात. त्या आतून खणलेल्या असल्यामुळे बाहेर माती पडत नाही आणि गवतात त्या दिसतही नाहीत. आत घरट्याची जागा वेगळी आणि विष्ठेची वेगळी. हिवाळ्यात झोपण्याची खोली जमीन जिथपर्यंत गोठते त्या पातळीच्या खाली. सोडून दिलेल्या बिळांत पुढे कोल्हे, स्कंक, ससे आणि साप राहायला येतात, त्यामुळे एक ग्राउंडहॉग नकळत बऱ्याच जणांची घरे बांधून जातो.

आता त्या झोपेबद्दल. ऑगस्ट-सप्टेंबरात ग्राउंडहॉग झपाटल्यासारखा खातो आणि चरबीने थलथलीत होतो. दाणागोटा साठवण्याची त्याला सवय नाही. जी काही शिदोरी असते ती कातडीखाली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो बिळात शिरतो आणि झोपायच्या खोलीचे तोंड मातीने बुजवून घेतो. मग शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसवरून दहाच्याही खाली उतरते. मिनिटाला ऐंशीच्या आसपास पडणारे हृदयाचे ठोके पाच-दहावर येतात. श्वास इतका विरळ होतो की पाहणाऱ्याला तो मेला असे वाटावे.

ही झोप अखंड नसते. दर आठ-पंधरा दिवसांनी तो जागा होतो, शरीर पुन्हा ३७ अंशांपर्यंत तापवतो, काही काळ तसाच राहतो आणि परत थंड पडतो. तापवण्याचे काम तपकिरी चरबी करते. तिच्या पेशी अन्नातली ऊर्जा थेट उष्णतेत बदलतात. हिवाळ्यात जळणाऱ्या चरबीतला सर्वांत मोठा वाटा थंडीवर नव्हे, या मधल्या जाग येण्यावर खर्च होतो. इतके महाग जागरण शरीर का करत असावे, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. झोपेची भरपाई, रोगप्रतिकार यंत्रणेची उजळणी, शरीरातल्या टाकाऊ द्रव्यांचा निचरा, अशी निरनिराळी स्पष्टीकरणे दिली जातात. वसंतात बाहेर येणाऱ्या प्राण्याचे वजन शरदातल्या वजनापेक्षा चतुर्थांशाहूनही अधिक घटलेले असू शकते. पहिल्याच वर्षी अंगावर पुरेशी चरबी न चढलेली पिल्ले या हिशोबात मागे पडतात आणि त्यातली बरीच बिळातच मरतात. 'यंदा किती निघतील' याचे निम्मे उत्तर इथे आहे: आदल्या ऑगस्टात क्लोव्हर हिरवे होते की दुष्काळात वाळून गेले होते?

बाहेर कधी यायचे, हे त्याला कोण सांगते? अंधाऱ्या, बंद खोलीत ना सूर्य दिसतो ना बर्फ. डेव्हिड डेव्हिस या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने पेनसिल्व्हेनियातले काही ग्राउंडहॉग थेट ऑस्ट्रेलियात सिडनीला नेले. तिथे ऋतू उलटे. काही काळ त्यांची शरीरे जुन्याच वेळापत्रकाने चालत राहिली. मग हळूहळू वजन चढण्या-उतरण्याचे चक्र दक्षिण गोलार्धाशी जुळून गेले. म्हणजे वर्षभराचे घड्याळ शरीरात आहे, आणि दिवसाची लांबी त्याचे काटे जुळवते. हवामान त्यात थोडी मागेपुढे करू शकते, पण घड्याळ स्वतःचेच.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यांत बाहेर येणारे बहुतेक नर असतात. पेन स्टेट विद्यापीठाच्या बर्क्स संकुलातले जीवशास्त्रज्ञ स्टॅम झरव्हॅनोस यांनी शरीराचे तापमान नोंदणारी उपकरणे वापरून या प्राण्यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. नर इतक्या लवकर उठतो तो खाण्यासाठी नव्हे, कारण तेव्हा खायला काही नसतेच. तो आपला इलाखा फिरून पाहतो, शेजारच्या माद्यांच्या बिळांना भेटी देतो, कोण जगले-वाचले याचा अंदाज घेतो आणि पुन्हा बिळात जाऊन झोपतो. खरे मीलन मार्चच्या सुरुवातीला होते. गर्भकाळ जेमतेम महिन्याभराचा, म्हणजे पिल्ले एप्रिलमध्ये जन्मतात. त्याआधी जन्मली तर आईला हिरवा चारा मिळत नाही आणि दूध आटते. उशिरा जन्मली तर ऑक्टोबरपर्यंत त्यांच्या अंगावर चरबी चढत नाही. इतक्या अरुंद फटीतून दरवर्षी पिढी पार करायची असते. म्हणूनच मेन, पेनसिल्व्हेनिया आणि साउथ कॅरोलिना या राज्यांतल्या ग्राउंडहॉगची तुलना केली, तेव्हा उत्तरेकडच्यांची शीतनिद्रा लांब आणि दक्षिणेकडच्यांची आखूड निघाली.

शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. सोयाबीनच्या कोवळ्या रोपांच्या ओळी बिळाभोवती गोलाकार साफ होतात. बिळाच्या तोंडात ट्रॅक्टरचे चाक फसते, घोड्याचा पाय मोडू शकतो, मातीचा बांध आतून पोखरला जातो. न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियात परसात मेथी, भेंडी, टोमॅटो लावणाऱ्या मराठी घरांनाही हा पाहुणा ठाऊक असतो. आपल्याकडे विदर्भातला शेतकरी रोही आणि रानडुकरांपायी जे सोसतो, ते ज्याने जवळून पाहिले आहे त्याला ही चीड परकी वाटणार नाही. म्हणूनच तिथे ग्राउंडहॉग 'उपद्रवी' गणला जातो, आणि अनेक राज्यांत परवाना असला की जवळपास वर्षभर त्याची शिकार करता येते.

शिकाऱ्यांचा हंगाम मात्र कायद्यापेक्षा गवतावर ठरतो. मार्च-एप्रिलमध्ये गवत खुरटे असते, नर माद्यांच्या शोधात उघड्यावर हिंडतात, त्यामुळे ते सहज दिसतात. मे महिन्यात लसूणघास कमरेपर्यंत वाढली की सगळे दिसेनासे होतात. पहिली कापणी झाली, की पुन्हा शेत मोकळे. लांबून, दुर्बिणीने, लहान व्यासाच्या वेगवान गोळीने नेम धरणाऱ्यांची ही आवडती वेळ.

आणि इथे डेव्हिस पुन्हा भेटतो. पेनसिल्व्हेनियात चेंबर्सबर्गजवळ लेटरकेनी नावाचा लष्करी डेपो आहे. तिथल्या विस्तीर्ण जमिनीवर त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ग्राउंडहॉग मोठ्या प्रमाणावर काढून टाकून पुढे काय होते ते पाहिले. १९६४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की संख्या घटवली की उरलेल्यांत मृत्यूचे प्रमाण कमी होते, जन्म वाढतात आणि बाहेरून नवे प्राणी रिकाम्या बिळांत येऊन राहतात. मला हा प्रयोग या सगळ्या विषयाचा कणा वाटतो. उन्हाळ्याच्या मध्यावर आईपासून वेगळी झालेली पिल्ले घर शोधत फिरत असतात. आयते, कोरडे, चोरवाटांसह तयार बीळ त्यांना मिळाले तर ती का सोडतील? बीळ आणि चारा तसेच ठेवून फक्त प्राणी मारत राहिलो, तर शेतकऱ्याच्या वाट्याला तीच तक्रार पुढच्या वर्षी येते. सोयाबीनच्या कडेची एक-दोन बिळे बंद करणे, बागेला जमिनीत फूटभर पुरलेली जाळी लावणे, हे कंटाळवाणे उपाय जास्त टिकतात.

तरीही, पूर्वीइतके ग्राउंडहॉग आता दिसत नाहीत असे अनेक जुने शिकारी म्हणतात, आणि ते खोटे बोलत नाहीत. कारणे मात्र बंदुकीपेक्षा मोठी आहेत. विसाव्या शतकात कायोटी हा लांडग्याच्या कुळातला शिकारी प्राणी पश्चिमेकडून पसरत थेट पूर्व किनाऱ्यापर्यंत पोचला. त्याला ग्राउंडहॉग सोपे भक्ष्य आहे. अनेक जुनी शेते पडीक राहून त्यांचे जंगल झाले. जी उरली त्यांत कुंपणांची झुडपे काढून बांधापर्यंत मका-सोयाबीन पेरले जाते. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी ग्राउंडहॉगना रेडिओ कॉलर लावून शहर आणि शेतीभागाची तुलना केली. शेतीभागातल्यांना पोटासाठी बरेच मोठे क्षेत्र फिरावे लागते आणि शिकारी प्राण्यांचा धोकाही त्यांना अधिक. शहरात हिरवळीवर त्यांचा वावर आटोपशीर असतो. पुढच्या हंगामाचा अंदाज बांधणाऱ्याने म्हणूनच एका शेतावरून साऱ्या तालुक्याबद्दल बोलू नये.

वाढत्या तापमानाचे काय, हा प्रश्न साहजिक आहे. पूर्वेकडच्या ग्राउंडहॉगपेक्षा कोलोरॅडोच्या डोंगरातल्या पिवळ्या पोटाच्या मर्मटांनी त्याचे उत्तर जास्त स्पष्ट दिले आहे. तिथे गॉथिक या जुन्या खाणगावातल्या संशोधन केंद्राजवळ १९६२पासून त्यांचा अभ्यास चालू आहे. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींनुसार २३ वर्षांत त्यांचे बाहेर येणे ३८ दिवसांनी अलीकडे सरकले होते. बर्फ मात्र तितक्या लवकर वितळत नव्हता. पुढे त्यांना चरायला लांब उन्हाळा मिळाला, वजने वाढली आणि काही काळ संख्याही वाढली.

आणखी एक गोष्ट, जी शिकारीच्या गप्पांत कधी येत नाही. १९७८ साली फिलाडेल्फियात, तिथल्या प्राणिसंग्रहालयातल्या ग्राउंडहॉगमध्ये एक विषाणू सापडला. तो माणसातल्या हिपॅटायटिस बीच्या विषाणूचा सख्खा भाऊ निघाला आणि तसाच यकृताचा कर्करोग घडवणारा. तेव्हापासून हिपॅटायटिस बीवरच्या औषधांची पारख या प्राण्यावर होत आली आहे. आज भारतातही डॉक्टर जे एन्टेकॅव्हिर लिहून देतात, तेही या वाटेने आले. शेतातला 'उपद्रवी' म्हणून ज्याची ओळख तिथेच संपते, त्याच्याबद्दल मला कृतज्ञता वाटते.

त्याच्या समाजजीवनाबद्दलही आपण घाईने मत बनवले होते. मेन राज्यातल्या फाल्मथ इथल्या गिल्सलँड फार्मवर जीवशास्त्रज्ञ ख्रिस्टिन माहेर यांनी १९९८पासून ग्राउंडहॉग ओळखीच्या खुणा करून पाहिले आहेत. एकलकोंडा समजला जाणारा हा प्राणी नाती ओळखून वागतो. बरीच पिल्ले पहिल्या उन्हाळ्यात घर सोडत नाहीत आणि अनेक लेकी आईच्या शेजारीच बिळे करतात.

म्हणून ज्यांना शिकार करायचीच आहे त्यांना माझे सांगणे वेळेबद्दल आहे. एप्रिल-मे महिन्यांत उकिरावर उन्हाला बसलेली मादी म्हणजे बहुधा आत डोळे न उघडलेली चार-पाच पिल्ले. तिला मारले तर ती आत उपाशी मरतात, आणि शेताचे रक्षण म्हणावे असे त्यात काही नाही. त्या वयाची पिल्ले अजून सोयाबीनपर्यंत पोचलेलीही नसतात. पिल्ले स्वतः चरू लागेपर्यंत, म्हणजे जून सरत येईपर्यंत थांबणारे शिकारी आहेत, आणि तो संयम मला योग्य वाटतो.

दुसरे सांगणे गोळीबद्दल. मारलेला ग्राउंडहॉग बहुतेकदा शेतातच टाकून देतात. गरुड आणि गिधाडे ते मांस खातात. वेगवान शिशाची गोळी शरीरात शिरून बारीक कणांत फुटते आणि ते कण पक्ष्यांच्या पोटात जातात. २०२२मध्ये ३८ राज्यांतल्या १,२१० गरुडांचा तपास प्रसिद्ध झाला. जवळपास निम्म्या गरुडांच्या हाडांत दीर्घकाळ शिसे साचल्याच्या खुणा होत्या. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९पासून वन्यप्राण्यांच्या शिकारीत शिशाची गोळी बंद केली. पूर्वेकडे लसूणघासीच्या शेतांत नेम धरणाऱ्यांसाठीही तांब्याच्या गोळ्या दुकानात मिळतात. त्या थोड्या महाग असतात. त्या वापरता येत नसतील, तर निदान मारलेला प्राणी उघड्यावर न टाकता खोल पुरावा, हातमोजे घालून, कारण अमेरिकेत उंदीरवर्गीय प्राण्यांत रेबीज सर्वाधिक आढळतो तो यांच्यातच.