स्पेकवरून कोड जनरेट करायचा की स्पेक मिडलवेअरला द्यायचा?

ओपनएपीआयचा यॅमल स्पेक, म्हणजे एपीआय कोणत्या रिक्वेस्ट घेते आणि काय उत्तर देते याचं ठरावीक साच्यातलं वर्णन, तयार आहे आणि त्यावरून सर्व्हर उभा करायचाय. याच्या दोन पद्धती आहेत. दोन्हींना सर्रास ‘स्पेक-फर्स्ट’ म्हणतात, त्यामुळे गल्लत होते. एका पद्धतीत जनरेटर स्पेक वाचून कोडच्या फाइली लिहून देतो आणि त्याचं काम तिथे संपतं. दुसरीत फाइली बनत नाहीत. मिडलवेअर, म्हणजे येणारी रिक्वेस्ट आणि तुमचा कोड यांच्या मध्ये बसणारा भाग, सर्व्हर सुरू होताना स्पेक वाचतं आणि येणारी प्रत्येक रिक्वेस्ट त्याच्याशी ताडून बघतं.

खरा फरक कळतो तो स्पेक बदलल्यावर. समजा, ऑर्डरच्या रिक्वेस्टमधल्या ‘क्वांटिटी’ला आज ‘मिनिमम: 1’ अशी अट घातली. मिडलवेअर असेल तर यॅमलमध्ये एक ओळ वाढवायची आणि सर्व्हर रीस्टार्ट करायचा. यापुढे शून्य क्वांटिटीची रिक्वेस्ट तुमच्या फंक्शनपर्यंत पोचतच नाही, 400 (चुकीची रिक्वेस्ट) हा एरर कोड घेऊन परत जाते. जनरेटरच्या पद्धतीत पुन्हा जनरेट करावं लागतं, आणि मधल्या काळात कुणी त्या फाइलींत हाताने बदल केले असतील तर ते पुसले जातात. ओपनएपीआय जनरेटरमध्ये फाइली वाचवण्यासाठी इग्नोर फाइल (हात न लावायच्या फाइलींची यादी) असते, पण वाचवलेली फाइल नव्या स्पेकप्रमाणे बदलतही नाही. मग टीम पुन्हा जनरेट करायचं टाळते, आणि हळूहळू स्पेक एक सांगतो, सर्व्हर दुसरंच करतो. माझ्या मते जनरेटरचा सगळ्यात मोठा धोका हाच आहे.

तरी जनरेटर घ्यायचाच असेल तर स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कसाठी ‘इंटरफेसओन्ली’ पर्याय (फक्त इंटरफेस बनवणारा) वापरा, फाइली बिल्डमध्येच बनू द्या आणि गिटमध्ये टाकू नका. असं केलं तर पॅरामीटरचा टाइप बदलल्यावर जुना कोड कंपाइलच होत नाही. ही चूक इतक्या आधी पकडणं मिडलवेअरला जमत नाही.

मिडलवेअरमध्ये पायथॉनचं कनेक्शन (Connexion) आणि नोडचं एक्सप्रेस-ओपनएपीआय-व्हॅलिडेटर ही ओळखीची नावं. कनेक्शनमध्ये स्पेकमधल्या ‘ऑपरेशनआयडी’त फंक्शनचं नाव मॉड्यूलसकट लिहिलं की राउटिंग (कोणती रिक्वेस्ट कोणत्या फंक्शनकडे जाते ते) वेगळं लिहावं लागत नाही. एक्सप्रेसमध्ये मात्र क्रमाकडे नीट लक्ष द्या: आधी बॉडी पार्सर (रिक्वेस्टमधला डेटा वाचणारा), मग व्हॅलिडेटर, मग राउट्स आणि शेवटी एरर हँडलर. पार्सर व्हॅलिडेटरच्या नंतर लावला तर बॉडी रिकामीच दिसते आणि बरोबर रिक्वेस्टही नाकारली जाते. एरर हँडलर लिहिलाच नाही तर क्लायंटला जेसनऐवजी एक्सप्रेसचं एचटीएमएल पान मिळतं.

मिडलवेअर लावलं म्हणजे सगळं तपासलं जातं, असं मात्र धरून चालू नका. कनेक्शन आणि एक्सप्रेसचा व्हॅलिडेटर या दोन्हींत रिस्पॉन्सची तपासणी डीफॉल्टने बंद असते. निदान टेस्टिंगमध्ये ती चालू ठेवाच, कारण स्पेक आणि सर्व्हर यांच्यातली तफावत तिथेच उघडी पडते. दुसरं म्हणजे, स्कीमात (स्पेकमधल्या डेटाच्या वर्णनात) ‘ॲडिशनलप्रॉपर्टीज: फॉल्स’ नसेल तर जादाची फील्ड्स चालतात. ‘कूपन’ हे ऐच्छिक फील्ड कुणी चुकून ‘कुपन’ असं पाठवलं तरी रिक्वेस्ट आत येते आणि सवलत लागत नाही. स्टॉक शिल्लक आहे का, ही ऑर्डर याच ग्राहकाची आहे का, हे तर तुमच्याच कोडला बघावं लागतं.

ओपनएपीआयचं व्हर्जनही तपासा. 2021 मध्ये आलेल्या 3.1 ने 3.0 मधलं ‘नलेबल’ (फील्डला ‘नल’ म्हणजे रिकामं मूल्य चालतं असं सांगणारी खूण) काढून टाकलं. आता टाइपच्या यादीतच ‘नल’ लिहायचं असतं. फक्त वरचा व्हर्जन नंबर बदलून ‘नलेबल’ तसंच ठेवलं तर 3.1 पाळणारा व्हॅलिडेटर ते विचारात घेत नाही, आणि कालपर्यंत चालणारं ‘नल’ आज 400 देतं.

मी नवीन सर्व्हरसाठी मिडलवेअरच घेईन. क्लायंटचं गणित वेगळं आहे: तिथे हाताने बदल करायची वेळ क्वचितच येते, त्यामुळे त्याच स्पेकवरून क्लायंट लायब्ररी खुशाल जनरेट करा आणि दर रिलीजला नव्याने बनवा.