चेहरा जुळतो, दात घडतो

गर्भ चार आठवड्यांचा होतो तेव्हा त्याला चेहरा नसतो. चेहऱ्याच्या जागी एक खळगा असतो आणि पुढे त्याचंच तोंड होतं. खळग्याच्या तळाशी असलेला पातळ पडदा सव्विसाव्या दिवसाच्या सुमारास फाटतो, आणि तोंडाला आतल्या पचनमार्गाची वाट मोकळी होते.

खळग्याभोवती पाच उंचवटे असतात: कपाळाच्या बाजूचा एक, वरच्या जबड्याचे दोन, खालच्या जबड्याचे दोन. त्यांत भरलेल्या बहुतेक पेशी तिथल्या मूळच्या नाहीतच. मेंदू ज्या नळीपासून तयार होतो तिच्या काठावरून त्या सुटतात आणि सरकत सरकत इथवर येतात. त्यांना न्यूरल क्रेस्ट पेशी म्हणतात. विल्हेल्म हिस यांनी १८६८ मध्ये कोंबडीच्या गर्भात त्यांचं मूळ प्रथम टिपलं. जबड्याची हाडं, डेंटिन (दाताचा मुख्य कठीण भाग), दाताचा गर (त्याच्या आतला मऊ भाग), हे सगळं याच प्रवासी पेशींचं काम. मला तर गर्भविज्ञानातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

सहाव्या-सातव्या आठवड्यात वरचा ओठ सांधला जातो. तो सांधा राहून गेला तर ओठ दुभंगलेला राहतो. टाळूचं काम आणखी अवघड. तिचे दोन भाग आधी जिभेच्या दोन्ही अंगांना उभे लोंबतात. आठव्या आठवड्यात जीभ खाली सरकते, ते आडवे होतात आणि मग मध्यरेषेवर जुळतात. मुलींमध्ये ही जुळणी सुमारे आठवडाभर उशिरा होते. नुसती टाळू दुभंगण्याचं प्रमाण मुलींत जास्त असण्याचं हे एक कारण मानतात.

जिभेच्या नसांचा गुंता विद्यार्थ्यांना पाठ करावा लागतो, पण गर्भात पाहिलं की तो आपोआप सुटतो. गर्भाच्या गळ्याच्या भागात कमानींसारखे उंचवटे असतात आणि मेंदूतून निघणाऱ्या क्रमांकित नसा त्यांना वाटून दिलेल्या असतात. जिभेचा पुढचा दोन तृतीयांश भाग पहिल्या कमानीतून येतो, म्हणून तिथला स्पर्श पाचव्या नसेकडे. मागचा भाग मुख्यतः तिसऱ्या कमानीचा, म्हणून तो नवव्या नसेकडे. स्नायू मात्र डोक्याच्या मागच्या बाजूने येतात आणि येताना आपली बारावी नस सोबत आणतात.

दातांची सुरुवात सहाव्या आठवड्यात होते. तोंडाचं अस्तर जाड होऊन आत उतरतं आणि दोन्ही जबड्यांत दहा-दहा दुधाच्या दातांच्या कळ्या धरतात. अस्तर आणि खालच्या न्यूरल क्रेस्ट पेशी एकमेकींना रासायनिक संकेत देत राहतात; हा संवाद तुटला तर दात घडत नाही. आधी डेंटिन साचतं, मग त्यावर इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण कवच. डेंटिन बनवणाऱ्या पेशी गरात जिवंत राहतात आणि आयुष्यभर थोडं थोडं डेंटिन घालत असतात. इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात बाहेर येताना नष्ट होतात. त्यामुळे झिजलेलं इनॅमल शरीर पुन्हा घडवू शकत नाही. लाळ आणि फ्लोराइड खनिजं परत भरतात, पण हरवलेला थर परत येत नाही.

मुळाची गोष्ट डेंटल हायजिनच्या (दातांच्या स्वच्छतेच्या) विद्यार्थ्यांनी तर नीट समजून घ्यायलाच हवी. मूळ वाढताना त्याभोवतीचं अस्तराचं आवरण तुटतं, बाहेरच्या पेशी आत शिरतात आणि डेंटिनवर सिमेंटम, म्हणजे मुळावरचा हाडासारखा पातळ थर, चढवतात. दाताच्या मानेशी हा थर जेमतेम २० ते ५० मायक्रोमीटर असतो. तिथे क्युरेट (दात खरवडून साफ करायचं हत्यार) जोरात फिरला की तो सहज खरवडला जातो, खालचं डेंटिन उघडं पडतं आणि थंड पाण्याच्या घोटानेही कळ येते.