पूर ओसरला, आता भिंती फोडा

सप्टेंबर 2024च्या अखेरीस हेलीन चक्रीवादळाने अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात, अ‍ॅशव्हिलच्या आसपास, हाहाकार उडवला. पाणी उतरल्यावर तिथे जी माणसं पोचली, त्यांत चर्चचे स्वयंसेवक मोठ्या संख्येने होते. पिवळे टीशर्ट घातलेली ही मंडळी धडधाकट दिसणाऱ्या भिंती कापून रस्त्यावर ढीग घालताना दिसली की आपल्याला कोडं पडतं. मदतीला आलेत की घर पाडायला? पाणी गेलं, ऊन पडलं, दोन दिवस पंखे लावले, ब्लीच मारलं की झालं, असा आपला सर्वसाधारण समज.

तिथली भिंत आपल्यासारखी विटांची नसते. साधारण दर सोळा इंचांवर एक लाकडी खांब, त्यावर अर्ध्या इंचाचे जिप्सम बोर्ड आणि पोकळीत काचतंतूंची गादी. आपल्याकडे फॉल्स सीलिंगला वापरतात तसलेच हे बोर्ड. आत जिप्सम, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवून घट्ट झाल्यावर जे बनतं ते, आणि दोन्ही अंगांना जाड कागद.

खरी गंमत इथून पुढे. घरात फूटभर पाणी आलं आणि गेलं, की भिंतीवर एक मळकी रेघ उरते. पण बोर्डाच्या आतलं पाणी त्या रेघेला जुमानत नाही. समईच्या वातीतून तेल चढावं तसं ते वर चढत राहतं. हे शाळेतलं केशाकर्षण. बारीक नळीत पाणी वर ओढणारा पृष्ठताण नळीच्या कडेने काम करतो, म्हणजे ओढ त्रिज्येच्या प्रमाणात. उचलायचं वजन मात्र त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात. त्रिज्या निम्मी केली की ओढ निम्मी होते, वजन पावपट होतं आणि पाणी दुप्पट उंच जातं. 1 मिलिमीटर त्रिज्येच्या काचेच्या नळीत ते जेमतेम दीड सेंटिमीटर चढतं, 0.01 मिलिमीटरच्या नळीत दीड मीटर! अर्थात बोर्डातली छिद्रं वेडीवाकडी असतात आणि वाटेत बाष्पीभवनही होतं, त्यामुळे ही कागदावरची उंची प्रत्यक्षात येत नाही. शिवाय चढलेलं अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. दुप्पट उंचीला चौपट वेळ. 2005मध्ये कतरिना चक्रीवादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या काही वस्त्यांत पाणी आठवडेच्या आठवडे तुंबून राहिलं. तिथे या वर्गमुळाला भरपूर वेळ मिळाला.

म्हणून कापताना रेघेच्या बरंच वर कापतात, पुष्कळदा सरळ चार फुटांवर. चारच का? तर बोर्ड चार फूट रुंदीचा येतो आणि आडवा ठोकतात. खालचा अख्खा निघाला की त्या जागी नवा अख्खा बसतो.

घाई बुरशीमुळे. भिजलेल्या कागदावर 24 ते 48 तासांत ती धरू लागते. कागद म्हणजे सेल्युलोज. बुरशी विकरं बाहेर सोडून त्याची साखर करते आणि ती शोषून घेते. पृष्ठभागालगतची सापेक्ष आर्द्रता 80 टक्क्यांपलीकडे गेली की पेनिसिलियमसारख्या बुरश्यांचं भागतं. स्टॅकिबॉट्रिसला मात्र 94च्या आसपास लागते. यूट्यूबवर 'विषारी काळी बुरशी' म्हणून जिची भीती घालून फवारे विकतात, ती हीच. बुरशीचं विष रंगावरून कळत नाही. काळी असो की हिरवी, एन-95 मास्क लावून काढूनच टाकायची. आणि ब्लीच? फरशीवर ठीक. बोर्डावर त्यातला क्लोरीनचा अंश वरच्यावरच खर्ची पडतो आणि उरलेलं पाणी बोर्ड पितो, म्हणजे बुरशीला आपणच पाणी घातलं.

भिंती कापून चिखल उपसायच्या या कामाला तिकडे 'मड-आउट' म्हणतात. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची मदतसंस्था 1950ची, कॅन्ससमध्ये सुरू झालेली. सदर्न बॅप्टिस्ट या दुसऱ्या पंथाचं काम टेक्ससमध्ये 1967च्या ब्यूला वादळानंतरचं. मेथॉडिस्ट पंथीयांकडून पाच गॅलनची झाकणाची बादली येते, आत ब्रश, स्पंज, हातमोजे, मास्क, वाळत घालायची दोरीसुद्धा. कतरिना म्हणजे पापी शहरावरचा ईश्वरी कोप, असं सांगणारे धर्मोपदेशकही त्याच देशात निघाले (आपल्याकडेही अशांचं पीक कमी नाही). माझ्या लेखी त्यांच्यापेक्षा चिखलात गुडघे टेकून ओल्या गाद्या उपसणारा भाविक मोठा.

तो प्रार्थना करतो, पण भिंत वाळली की नाही हे दोन सुयांच्या यंत्राला विचारतो. लाकूड वाळत जातं तसा त्याचा विद्युतरोध हजारो पटींनी वाढतो. सुया टोचायच्या आणि ओलाव्याचा आकडा वाचायचा. 30 टक्क्यांच्या सुमारास लाकडाच्या पेशीभित्ती पाण्याने तुडुंब असतात, 20च्या वर कुजायची भीती, आणि 15च्या आसपास उतरल्याशिवाय नवा बोर्ड ठोकायचा नाही. यात आठवडे जातात आणि उघड्या सांगाड्यात राहून घरमालक कावतो.

22 जुलै 2021ला चिपळूण बुडालं तेव्हा आपल्या विटांच्या भिंती फोडाव्या लागल्या नाहीत, पण केशाकर्षण तिथेही हेच. चढलेलं पाणी वाळताना क्षार पृष्ठभागावर सोडतं, तोच लोणा. गणपती आले म्हणून घाईने ऑइलपेंट फासला की आतल्या ओलीची वाट बंद होते आणि रंगाला फुगे येतात. त्या वर्षापुरता चुना मारावा, त्यातून ओल निघून जाते. ऑइलपेंटचं पुढच्या उन्हाळ्यात बघावं.