एचआयव्हीबाधित माता व अनाथ बालकांचे संगोपन (महाराष्ट्र)

एचआयव्हीची लागण झालेल्या स्त्रिया, त्यांची मुले आणि एड्समुळे आईवडील गमावलेली बालके यांचे उपचार, निवारा, शिक्षण व मालमत्तेचे रक्षण यांसाठी शासन आणि स्वयंसेवी संस्था करीत असलेले काम. यातली सगळीच मुले एचआयव्हीबाधित नसतात. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ यानुसार ज्याचे पालक एचआयव्हीसह जगत आहेत किंवा एड्सने वारले आहेत, असे निरोगी मूलही या रोगाची झळ लागलेले मानले जाते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस औषधे सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होती. बहुतेक घरांत नवऱ्याकडून बायकोला लागण होई, तो आधी जाई आणि ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून दोष मात्र सुनेवर येई. तिच्यामागे मुले आजीकडे, नाहीतर कुणाकडेच नाहीत. अशा मुलांसाठी विजयाताई लवाटे यांनी १९९७ मध्ये पुण्यात ‘मानव्य’, तर मंगलताई शहा यांनी २००१ मध्ये पंढरपुरात ‘पालवी’ सुरू केली. बीड जिल्ह्यात ‘इन्फंट इंडिया’ आणि लातूर जिल्ह्यात हासेगावचे ‘सेवालय’ त्यानंतर उभे राहिले. सुरुवातीच्या वर्षांत या संस्थांचे बरेचसे काम मुलांच्या शेवटच्या आजारपणाचेच होते. एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी (विषाणूची वाढ रोखणारी) औषधे मोफत मिळू लागली, २००६ च्या अखेरीस बालकांसाठी स्वतंत्र कार्यक्रम आला, आणि जी मुले दहा वर्षांची होतील की नाही अशी शंका होती ती दहावीच्या परीक्षेला बसू लागली.

मुले अनाथ होऊ नयेत याचा खात्रीचा उपाय म्हणजे आईला जगवणे. उपचार न घेतल्यास गरोदरपण, बाळंतपण व स्तनपान मिळून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. उपचाराने ती ५ टक्क्यांखाली येते. २०१४ पासून लागण आढळलेल्या प्रत्येक गरोदर स्त्रीला, तिच्या पांढऱ्या पेशींची संख्या काहीही असली तरी, आयुष्यभराची औषधे सुरू केली जातात. बाळाला जन्मापासून किमान सहा आठवडे प्रतिबंधक औषध पाजतात आणि सहाव्या आठवड्यात रक्ताचे थेंब कागदावर घेऊन पहिली तपासणी होते. पक्का निर्वाळा मात्र अठराव्या महिन्यानंतरच मिळतो, कारण नेहमीची चाचणी ज्यांवरून लागण ओळखते ती आईची प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीरात तयार होणारी द्रव्ये) तोवर बाळाच्या रक्तात असू शकतात. हा दीड वर्षाचा काळ आईला औषधांपेक्षा जड जातो. समुपदेशकाचे खरे काम याच काळात असते. नवऱ्याला सांगायचे का, सासूला काय सांगायचे, हे प्रश्न कोणत्याही गोळीने सुटत नाहीत.

आईवडील गेल्यावर पहिला घाला पडतो तो सातबाऱ्यावर. पोरके मूल नात्यातल्या एखाद्याकडे राहते आणि वारसनोंद लांबत जाते. वर उल्लेखिलेला कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याच्या तरतुदींनुसार मालमत्तेची कागदपत्रे बालकल्याण समितीकडे (निराधार बालकांविषयी निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीकडे) सुरक्षित ठेवता येतात आणि घरातून हुसकावल्याची तक्रारही तिथे करता येते. १२ ते १८ वयाचे समजूतदार भावंड धाकट्याचे पालक म्हणून शाळाप्रवेश, बँक खाते, उपचार यांसाठी सही करू शकते. चौदा वर्षांची बहीण घर चालवते हे वास्तव कायद्याने मान्य केले, ही त्याची सर्वांत शहाणी बाजू. मृत्यूपूर्वी मुलांचा पालक नेमून ठेवण्याची सोयही त्यात आहे. तिचा वापर व्हायचा तर आईला वेळेत सांगणारे कुणी लागते.

मूल संस्थेत ठेवण्याऐवजी नातेवाइकांकडेच वाढावे म्हणून राज्यात बालसंगोपन योजनेतून दरमहा अनुदान मिळते. एचआयव्हीबाधित विधवेला संजय गांधी निराधार अनुदान योजना लागू होते. अडचण अर्जाची आहे. लाभ हवा तर आजाराचा दाखला जोडावा लागतो, आणि तो ज्या टेबलांवरून फिरतो त्यांतले एखादे तरी गावातल्याच माणसाचे असते. कायदा गोपनीयता सांगतो, पण अनुदान नको, बोभाटा नको, असे म्हणणाऱ्या बायकांना दोष देता येत नाही.

मुलाला त्याचा आजार सांगण्याची वेळही नाजूक. रोजची गोळी कशाची हे न कळलेले मूल वयात आल्यावर ती टाळू लागते. म्हणून समुपदेशक वयानुसार थोडे थोडे सांगत जातात.

बालन्याय कायद्यानुसार अठराव्या वर्षी बालगृह सोडावे लागते, पुढची देखरेख सहसा २१ पर्यंतच, अपवादाने २३ पर्यंत. घर नसलेल्यांसाठी ती अपुरी पडते. सेवालयाचे रवी बापटले यांनी मोठ्या झालेल्या मुलामुलींसाठी हासेगावातच ‘हॅपी इंडियन व्हिलेज’ उभारले असून तिथल्या काहींची आपसात लग्नेही झाली आहेत.