बरोक ऑर्गनवादनातील उत्स्फूर्त रचना

बरोक कालखंडात (सुमारे १६०० ते १७५०) युरोपातील चर्चच्या ऑर्गनवादकाला लिखित संगीत पुढे न ठेवता जागच्या जागी रचना करीत वाजवता येणे आवश्यक असे. हे नैपुण्य मिरवण्यासाठी नव्हते. उपासनेचीच ती गरज होती. कॅथलिक विधीत गायकवृंद आणि ऑर्गन आळीपाळीने ओळी घेत, तर लूथरपंथीय चर्चमध्ये समूहगीत सुरू होण्यापूर्वी त्याची चाल आणि स्वर वादकाने मंडळींच्या कानी घालायचे असत. विधीला लागणारा वेळ कमीजास्त होई, म्हणून कुठेही डौलाने थांबता येणे महत्त्वाचे ठरे. इटालियन वादक-रचनाकार जिरोलामो फ्रेस्कोबाल्दीने १६१५-१६ च्या टोकाटासंग्रहाच्या (टोकाटा म्हणजे कळफलकाच्या वाद्यासाठीची मोकळ्या घडणीची रचना) प्रस्तावनेत वादकाला हवे तेथे रचना संपवण्याची मोकळीक दिली आहे.

ही कला शिस्तीने शिकवली जाई. खर्जातील सुरावटीवर आकडे मांडलेले असत; त्यांवरून विद्यार्थ्याने वरचे स्वरमेळ वाजवता वाजवताच भरायचे, आणि हात बसल्यावर त्याच खर्जावर अनुकरणाचे विणकाम, म्हणजे फ्यूग, उभे करायचे. हॅम्बुर्गच्या कॅथीड्रलसाठी १७२५ मध्ये झालेल्या निवडीत संगीतकार योहान मात्तेसोनने उमेदवारांना दिलेल्या विषयावर (छोट्या मूळ सुरावटीवर) तत्काळ फ्यूग वाजवायला लावला आणि त्याच विषयावरील फ्यूग नंतर कागदावर उतरवून मागितला. वाजवणे आणि रचणे ही त्या काळी वेगळी कामे मानली जात नव्हती, हे यावरून दिसते.

जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखच्या चरित्रात या कलेच्या दोन्ही बाजू आढळतात. ल्यूबेकला नामवंत ऑर्गनवादक डीट्रिख बुक्स्टेहूडेचे वादन ऐकून परतल्यावर, १७०६ मध्ये, तो जिथे ऑर्गनवादक होता त्या आर्नश्टाटच्या चर्चमंडळाने त्याला जाब विचारला: समूहगीताच्या साथीत तो अनोळखी स्वर मिसळून मंडळींना गोंधळात टाकतो, आणि पूर्ववादन फार लांबवतो म्हटल्यावर ते एकदम तोकडे करतो. पुढे १७२० मध्ये हॅम्बुर्गच्या काटारिनेनकिर्खे या चर्चमध्ये मात्र त्याने श्रोत्यांच्या विनंतीवरून एकाच धर्मगीतावर सुमारे अर्धा तास उत्स्फूर्त वादन केले. ते ऐकून वृद्ध वादक यान आडाम राइंकेन म्हणाला की ही कला लोपली असे आपल्याला वाटले होते, पण ती बाखमध्ये जिवंत आहे. बाखच्या मृत्युलेखात नोंदलेला हा प्रसंग त्या पिढीला या वारशाची किती काळजी होती हे सांगतो.

या वादनाचा मोठा भाग अर्थातच हवेत विरला. लिखित प्रेल्यूड (पूर्ववादनाच्या रचना) आणि टोकाटांतील मोकळे, अकस्मात वळणे घेणारे भाग, ज्यांना त्या काळी ‘स्टायलस फँटॅस्टिकस’ म्हणत, त्यांवरूनच त्याचा अंदाज बांधावा लागतो. संगीतकार हँडेलच्या १७६१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या ऑर्गन कॉन्चेर्टोंत (ऑर्गन आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनांत) काही ठिकाणी संगीताऐवजी केवळ ‘आद लिबितुम’ (इच्छेनुसार) अशी सूचना आहे. दृष्टी गेल्यानंतरच्या वर्षांत तो असे भाग ऐनवेळी रचून वाजवी आणि वाद्यवृंद त्याच्या ट्रिलच्या (दोन लगतचे स्वर झरझर आलटूनपालटून वाजवण्याच्या) खुणेची वाट पाहत थांबे. त्या मोकळ्या जागा आजच्या वादकाला स्वतःच भराव्या लागतात.